पदवी अर्धवट सोडण्याची सुरुवात नेमकी कुठून होते?

नोंदवही (धागाकर्ती)

मी एका विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात काम करते. प्रवेश, परीक्षा अर्ज, गुणपत्रिका, दाखले, सगळं आमच्या टेबलावरून पुढे जातं. प्रवेश रद्द करण्याच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना आहे. त्यात बहुतेक जण एकच शब्द लिहितात, 'वैयक्तिक'. कधीतरी 'घरगुती अडचण'. वर्षाअखेरीस याच रकान्यावरून अहवाल बनतो आणि गळतीचं सर्वांत मोठं कारण 'वैयक्तिक' आहे असं वर कळवलं जातं. त्यातून कुणाला काय समजणार?

बरं, हा अर्ज भरणारेही थोडेच. बाकीचे काहीच कळवत नाहीत. पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज येत नाही, एवढंच. फी थकली की लेखा विभागाचं पत्र जातं, हजेरी कमी भरली की फलकावर यादी लागते, पण 'अरे, आहेस कुठे?' असं विचारायची जबाबदारी कुणाच्याच कामात लिहिलेली नाही.

नापास होऊन बाहेर पडणारे असतातच. पण जुन्या गुणपत्रिका काढून बघते तेव्हा पन्नास-साठ टक्क्यांची, रुळलेली वाटावीत अशी मुलं त्यात भरपूर दिसतात. माझं मत आता पक्कं झालं आहे. पदवी कुणी एका दिवसात सोडत नाही. मूल सहा महिने, वर्षभर हळूहळू मागे सरकत असतं आणि त्या काळात त्याला कुणीही हाक मारू शकलं असतं. म्हणून इथे 'का सोडलं' हे विचारत नाही. सुटायला कधी लागलं, पहिली गोष्ट कुठली निसटली, ते सांगाल का? स्वतःचं किंवा जवळच्या कुणाचं. संस्थांची नावं नकोत.

परतलेला

मी तिसऱ्या वर्षात सोडलं होतं. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या शाखेची पदवी घेतली. घरचे, नातेवाईक, मुलाखत घेणारे, सगळ्यांनी 'का' विचारलं. कधीपासून, हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय.

माझं सुटायला लागलं एका जर्नलमुळे. तापात एक-दोन प्रॅक्टिकल बुडाली, तेवढी पानं कोरी राहिली. सही घ्यायला गेलो तर सर म्हणाले, आधी प्रयोग पूर्ण कर. प्रयोगशाळेत गेलो तर तिथले सहायक म्हणाले, सरांची चिठ्ठी आण, त्याशिवाय सामान मिळणार नाही. चिठ्ठीसाठी सरांच्या खोलीबाहेर उभा राहिलो, आत कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, थोडा वेळ थांबून परत आलो. पुढच्या आठवड्यात आणखी एका प्रयोगाची भर पडली. जर्नल अपूर्ण असताना प्रॅक्टिकलला उभं राहायची लाज वाटायला लागली. मग सरांचं लेक्चरही बुडवायला लागलो, कारण समोर दिसलो की ते जर्नलचं विचारतील. शेवटी त्यांच्या खोलीवरून जायला नको म्हणून मागच्या जिन्याने ये-जा सुरू केली.

त्या सत्राची टर्म मिळाली नाही. बरोबरची मुलं पुढच्या वर्गात गेली, मी मागच्या मुलांबरोबर बसलो. त्यांचे प्रॅक्टिकलचे गट आधीच ठरलेले, मला ज्या गटात घातलं तिथे कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी नोट्सही पाठवल्या नाहीत. घरी सगळं सुरळीत आहे असंच सांगत होतो. तिसऱ्या वर्षी फी भरायची वेळ आली तेव्हा नाही म्हणालो आणि सगळ्यांच्या मते 'अचानक' सोडलं.

विषय मला आवडत होता, हे मुद्दाम सांगतो. अभ्यास झेपत नव्हता म्हणून सोडलं असं लोक धरून चालतात, ते खरं नाही.

आकडेमोड

धागा महत्त्वाचा आहे. थोडे आकडे देतो.

ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१९ च्या शिक्षणविषयक अहवालात पदवी पूर्ण करणाऱ्यांचा अनेक देशांचा हिशेब आहे. ज्या देशांची माहिती मिळाली त्यांची सरासरी अशी, की पूर्णवेळ पदवीला प्रवेश घेणाऱ्या १०० जणांपैकी ३९ जण ठरलेल्या मुदतीत पदवी घेतात. आणखी तीन वर्षं दिली की ६७. उरलेल्यांत काही तेव्हाही शिकतच असतात. पण उच्च शिक्षणातून पूर्ण बाहेर पडलेल्यांकडे बघा: दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत १२, मुदत संपेपर्यंत २०, आणि त्यानंतर तीन वर्षांनी २४. म्हणजे शेवटी जेवढे जातात त्यातले निम्मे पहिल्या वर्षातच गेलेले असतात. मुलांपेक्षा मुली जास्त प्रमाणात पदवी पूर्ण करतात, हेही त्याच अहवालात आहे.

नोंदवही म्हणतात ते मागे सरकणं अभ्यासकांनी बऱ्याच आधी ओळखलं आहे. अमेरिकेतले व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलं की विद्यार्थी संस्थेशी दोन धाग्यांनी जोडलेला असतो, एक अभ्यासाचा, दुसरा माणसांचा. दोन्ही सैल झाले की तो निघतो, आणि एक पक्का असेल तर दुसरा सैल असूनही बराच काळ टिकतो. त्याआधी १९७० मध्ये विल्यम स्पेडी यांनी हाच विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डर्कहाइमच्या आत्महत्येवरच्या समाजशास्त्रीय मांडणीतून पुढे आणला होता. समाजाशी नाळ तुटणं हे दोन्हीकडचं सूत्र. टिंटो यांचा आणखी एक मुद्दा इथे लागू पडतो: संस्था सोडणाऱ्यांपैकी बहुसंख्य जण आपणहून जातात, नापास म्हणून काढून टाकलेले थोडे असतात.

परतलेला यांचे दोन्ही धागे एका जर्नलने सैल झाले. आधी अभ्यासाचा, मग वर्ष गेल्यामुळे माणसांचा.

एका_मुलीचा_बाबा

जरा वेगळं लिहितो, राग मानू नये. अडचणी आमच्या वेळीही होत्या. जर्नल आमचीही अपुरी राहायची, चार शिव्या खाऊन सही घेऊन यायचो. आजच्या मुलांना अपमान सहन होत नाही आणि चिकाटी कमी पडते, असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे तयारी नसलेल्यांना सरसकट प्रवेश मिळतात. पाया कच्चा असेल तर वरचा मजला कसा उभा राहणार? संस्थेने प्रत्येकाच्या मागे फिरायचं म्हटलं तर शिकवायचं कधी? माझी मुलगी पहिल्या वर्षाला आहे, म्हणून हा धागा काळजीने वाचतो आहे.

फळ्यापाशी

बाबा, मी गणित शिकवते. चिकाटी आणि कच्चा पाया ही दोन कारणं आमच्या स्टाफरूममध्येही रोज ऐकू येतात, म्हणून एक जुनी हकिकत सविस्तर सांगते.

१९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलसच्या पहिल्या पेपरला कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत किंवा विषय सोडून देत. उरी ट्राइसमन तेव्हा तिथे संशोधन करत होते. त्यांनी प्राध्यापकांना कारणं विचारली. उत्तरं हीच: जिद्द कमी, शाळेतली तयारी कमी, घरून प्रोत्साहन नाही, गरिबी. त्यांनी एकेक कारण तपासलं आणि एकही टिकलं नाही. घरच्यांनी तर या मुलांसाठी जिवाचं रान केलेलं होतं. मग त्यांनी सोपा मार्ग धरला, मुलं अभ्यास कसा करतात ते त्यांच्यासोबत राहून पाहिलं. तुलनेसाठी चिनी वंशाची मुलं घेतली, कारण ती या पेपरात चांगली चालत होती.

चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी गणितं सोडवत आणि संध्याकाळी एकत्र बसून उत्तरं ताडून पाहत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते अवघड आहे हे सगळ्यांना कळे. कृष्णवर्णीय मुलं सांगितलेले तास इमानेइतबारे अभ्यास करत, पण एकटी. त्यांचं सामाजिक आयुष्य आणि अभ्यास यांची गाठच पडत नव्हती. अडलेलं गणित फक्त आपल्यालाच अडलं आहे असं त्यांना वाटे, आणि परीक्षेचे गुण बघून धक्का बसे. चिकाटी दोन्हीकडे सारखी होती.

ट्राइसमन यांनी यावर उजळणी वर्ग काढले नाहीत. त्यांनी नेहमीपेक्षा कठीण गणितांची सत्रं ठेवली आणि मुलांना गटात बसवलं. गटात आलेल्या मुलांचे निकाल पार बदलले. पुढे कितीतरी विद्यापीठांनी ही पद्धत उचलली.

मी स्वतः वर्गात एवढंच करते, की पहिल्या चाचणीनंतरच्या आठवड्यात दोन याद्या शेजारी ठेवते: कुणाचे गुण घसरले आणि कुणाची वही आली नाही. दोन्ही याद्यांत जी नावं येतात त्यांना तासानंतर थांबवून विचारते, अभ्यास कुणाबरोबर करतोस? 'एकटाच' असं उत्तर आलं की त्याच दिवशी त्याला कुणाच्या तरी शेजारी बसवते. याला वेळ लागत नाही.

दुसरी_पाळी

टिंटोंचे दोन धागे वगैरे ठीक, पण माझ्यासारख्यांचं त्यात काय? मी दिवसा नोकरी करून शिकत होते. गॅदरिंग, क्लब, कट्टा यातल्या कशालाच वेळ नव्हता आणि त्याची खंतही नव्हती. मला कॉलेजने बाहेर ढकललं नाही, बाहेरच्या जगाने ओढून नेलं. कामावर पाळी बदलली. नव्या पाळीत सकाळचे तास बसेनात. घरी आजारपण आलं आणि माझा पगार ही चैनीची बाब उरली नाही. हजेरीच्या नियमात 'नोकरी' हे कारण बसत नव्हतं, वैद्यकीय दाखला मात्र चालत होता. ओळखीच्या डॉक्टरकडून खोटा दाखला आण, असं मला कार्यालयातल्याच एकाने सुचवलं. मी आणला नाही.

शेवटचा घाव थकबाकीचा. रक्कम फार नव्हती, पण ती भरेपर्यंत मागच्या सत्राची गुणपत्रिका मिळणार नव्हती, आणि गुणपत्रिकेशिवाय दुसरीकडे प्रवेश मिळत नव्हता. म्हणजे इथे पूर्ण करता येत नाही आणि दुसरीकडे जाताही येत नाही. पास झालेले विषय कपाटात कुलूपबंद. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

आकडेमोड

दुसरी_पाळी, तुमचा आक्षेप अगदी रास्त आहे आणि तो अभ्यासकांनीही घेतला. बीन आणि मेट्झनर यांनी १९८५ मध्ये दाखवलं की नोकरी करणारे, घरून ये-जा करणारे, वयाने मोठे असे विद्यार्थी कॉलेजातल्या मैत्रीपेक्षा कामाचे तास, पैसा आणि घरच्या जबाबदाऱ्या यांवरून ठरवतात. त्यांचे गुण चांगले असले तरी बाहेरची बाजू कोलमडली की ते जातात. बाहेरची बाजू भक्कम असेल तर कमी गुणांवरही टिकतात.

थकबाकीबद्दल: अमेरिकेत जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या लक्षात आलं की पदवीच्या अगदी जवळ आलेली मुलंसुद्धा किरकोळ बाकीपायी यादीतून कमी होत आहेत. २०११ पासून त्यांनी स्वतःच ती बाकी भरायला सुरुवात केली, मुलांनी अर्ज करायची वाट न बघता. २०१२ पासून गुण आणि नोंदणीवर संगणकाने रोज नजर ठेवून सल्लागाराला सूचना जाईल अशी सोय केली. मुख्य विषयाच्या पहिल्या पेपरात कुणी काठावर पास झालं की सल्लागार त्याला बोलावतो. आपल्याकडे काय, जगभरात बहुतेक ठिकाणी काठावर पास म्हणजे सुटलो, असंच धरलं जातं.

घरातली_पहिली

आमच्या घरात विद्यापीठात जाणारी मी पहिली. मी पूर्ण केलं, पण पहिल्या सत्रात सोडायच्या बेतात होते, म्हणून लिहिते.

कुणी सांगत नाही अशा शेकडो गोष्टी तिथे असतात. इलेक्टिव्ह म्हणजे काय, ती कुठल्या तारखेपर्यंत बदलता येते, ट्यूटोरियलला शंका घेऊन जायचं असतं की सरांनी बोलावलं तरच, प्राध्यापकांच्या खोलीत दार वाजवून जाता येतं का. ज्यांच्या घरी कुणी शिकलेलं असतं त्यांना हे विचारावंही लागत नाही. माझ्या पहिल्या निबंधावर बाईंनी लाल शाईने 'भेटा' एवढंच लिहिलं होतं. शाळेत 'भेटा' म्हणजे पालकांना घेऊन या. मी कित्येक दिवस त्यांच्या नजरेला पडले नाही, निबंध पुस्तकात खाली दडवून ठेवला. मैत्रिणीने तो पाहिला आणि हाताला धरून नेलं. बाईंना मला एक पुस्तक वाचायला द्यायचं होतं.

तोपर्यंत मनात सारखं चाललेलं असायचं, की आपली निवड चुकून झाली आहे आणि कधीतरी हे सगळ्यांना कळणार. परतलेला यांचा मागचा जिना वाचून पोटात कालवलं. मैत्रीण नसती तर मीही तोच जिना धरला असता.

आकडेमोड

यावर एक प्रयोग झालेला आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभरात वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले. मथितार्थ एवढाच की 'मी इथला नाही' असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं आणि काळाने ते कमी होतं. मग आपल्या शब्दांत तेच लिहायला सांगितलं. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतली दरी जवळपास निम्म्याने घटली.

मात्र हा मंत्र नव्हे. २०२३ मध्ये २२ संस्थांत मोठ्या प्रमाणावर हेच करून पाहिलं तेव्हा कळलं की मूल ज्या समाजगटातून येतं त्या गटाला रुजायला संस्थेत खरोखर जागा असेल तिथेच फायदा होतो. जागा नसताना 'तू इथलाच' असं सांगून काही होत नाही. विल्यम टियर्नी यांनी १९९२ मध्ये टिंटोंवर केलेली टीका याच अंगाने जाते. सामावून घ्यायचं म्हणजे मुलानेच आपलं सगळं बाहेर ठेवून संस्थेसारखं व्हायचं का, असा त्यांचा सवाल होता.

शाखाबदल

सगळे गळती थांबवण्यावरच बोलताय, म्हणून दुसरी बाजू. काही जणांनी सोडलंच पाहिजे. माझा भाऊ गुणांच्या जोरावर एका शाखेत गेला, कारण तेवढे गुण असताना 'साध्या' शाखेला जाणं घरात कुणालाच पटलं नसतं. दोन वर्षं तो रोज सकाळी आजारी असल्यासारखा उठायचा. सोडलं त्या आठवड्यात जेवायला लागला. त्याला कुणी 'थांब, होईल' म्हणत राहिलं असतं तर ती मदत ठरली नसती.

अडचण अशी की सोडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. रोजगाराच्या बाजारात शेवटच्या कागदाला वेगळं वजन असतं. चारपैकी साडेतीन वर्षं शिकलेल्याला पगार साडेतीन वर्षांच्या हिशेबाने मिळत नाही, हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं आहे. कर्ज काढून शिकला असेल तर हप्ते पूर्ण आणि पदवी शून्य. अमेरिकेत शैक्षणिक कर्ज थकवणाऱ्यांत पदवी पूर्ण केलेल्यांपेक्षा अर्धवट सोडलेल्यांचं प्रमाण जास्त दिसतं, त्याचं कारण हेच.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने यावर एक वाट काढली. एक वर्ष झालं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, आणि पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक, बँकेत ठेवल्यासारखी जमा. कल्पना मला चांगली वाटते.

परतलेला

शाखाबदल, कल्पना चांगली आहे, पण क्रेडिट जमा असणं आणि दुसऱ्या संस्थेने ते मान्य करणं यात फार अंतर आहे. मी परत प्रवेश घेतला तेव्हा आधीचे भाषा आणि गणिताचे पेपरसुद्धा 'अभ्यासक्रम जुळत नाही' म्हणून पुन्हा द्यायला लावले. आणि मला एक भीतीही वाटते. बाहेर पडायचं दार रुंद केलं की 'त्याने प्रमाणपत्र घेऊन जायचं ठरवलं' असं म्हणून संस्था हात झटकेल. जर्नलची सही मात्र तशीच राहील.

उशिराचा_दिवा

पीएचडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांचा एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात दहा वर्षांनंतरही पीएचडी पूर्ण केलेले सुमारे ५७ टक्केच निघाले. इथे कुणी नापास करत नाही. कोर्सवर्क संपतं, वर्ग संपतो, सोबतचे पांगतात आणि उरतो फक्त मार्गदर्शक. त्यांच्या ईमेलचं उत्तर यायला महिना लागला की तुम्हीही महिना घेता. माझी मैत्रीण चार प्रकरणं लिहून थांबली. सोडलंस का विचारलं तर अजूनही 'नाही, चालू आहे' म्हणते.

एका_मुलीचा_बाबा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. चिकाटीचं महत्त्व मी अजूनही मानतो. पण ट्राइसमन यांची हकिकत विचार करायला लावणारी आहे, ती मला ठाऊक नव्हती. आता मुद्द्याचं विचारतो. मुलगी वसतिगृहात असते. रोज फोन होतो, 'सगळं ठीक' म्हणते. परतलेला हेही घरी तेच सांगत होते. मग मला कळायचं कसं?

ऐकणारी

मी विद्यापीठात समुपदेशक आहे. बाबा, तुमचा प्रश्न मला रोज येणाऱ्या प्रश्नांतला सर्वांत महत्त्वाचा आहे.

मोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे की आयुष्यात कधीतरी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश २४ व्या वर्षाच्या आत सुरू होतात. म्हणजे पदवीची वर्षं आणि आजार सुरू व्हायची वर्षं एकच. नैराश्य आलेलं मूल 'मला नैराश्य आलं आहे' असं म्हणत नाही. ते म्हणतं, अभ्यास होत नाही, मी आळशी झालोय. आजूबाजूचेही तेच म्हणतात आणि त्याचा त्यावर विश्वास बसतो.

फोनवरून काय ऐकायचं? सुरुवातीला बोलण्यात वर्गातल्या मुलींची नावं येतात, कोण काय म्हणाली, कुणाशी भांडण झालं. मग ती नावं यायची थांबतात. हे मला गुणांपेक्षा भरवशाचं लक्षण वाटतं. सुट्टीत घरी आली आणि पुस्तकं आणलीच नाहीत, परत जायचा दिवस एकेक करून पुढे ढकलते, परीक्षेच्या तारखा विचारल्या की 'अजून लागल्या नाहीत' म्हणते, इकडे लक्ष ठेवा. झोपेच्या वेळा उलट्या झाल्या असतील तर आणखी.

आणि प्रश्न असे विचारा की 'ठीक' एवढं उत्तर पुरणार नाही. 'अभ्यास चालू आहे ना?' याला 'हो' शिवाय उत्तर नसतं. 'या आठवड्यात कुठला तास बुडला?' असं सहज विचारलं की तास बुडणं ही जगबुडी नाही, हे तुम्हीच तिला सांगितलेलं असतं. तिने काही सांगितलं तर पहिल्या दिवशी सल्ला देऊ नका. 'मग आता कुणाला भेटायला लागेल?' एवढंच विचारा आणि ती भेट झाली का ते दुसऱ्या दिवशी विचारा. गरज असेल तर सत्रभराची अधिकृत सुट्टी घेता येते का ते बघा. तशी सुट्टी घेऊन जाणाऱ्याला परतायची तारीख असते. न सांगता गेलेल्याला ती नसते, आणि माझ्या अनुभवात परत येण्यातला फरक तिथेच पडतो.

फळ्यापाशी

ऐकणारी, वर्गातल्या मुलांच्या नावांचं निरीक्षण फार मोलाचं आहे. शिक्षक म्हणून मीही ते वापरेन.

नोंदवही

सगळ्यांचे मनापासून आभार. 'एवढं सगळं करायला माणसं कुठून आणायची' हा आक्षेप आमच्या बैठकांत हमखास येतो आणि बाबांनीही तो काढला आहे, म्हणून एक उदाहरण देते. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये दोन वर्षांची पदवी देणाऱ्या आपल्या महाविद्यालयांत एक योजना सुरू केली. फीची उरलेली रक्कम माफ, पुस्तकं, प्रवासाचा पास, आणि सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी, ज्यांना तो ठरल्याप्रमाणे वारंवार भेटेल. चिठ्ठ्या टाकून काहींना योजनेत घेतलं, काहींना नेहमीसारखं ठेवलं. तीन वर्षांत योजनेतल्या ४० टक्के विद्यार्थ्यांनी पदवी घेतली, दुसऱ्या गटात २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागचा खर्च अर्थातच वाढला, पण पदव्या इतक्या वाढल्या की दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. पुढे ओहायोतल्या महाविद्यालयांतही हेच करून पाहिलं आणि तिथेही तसाच फरक पडला. अर्ध्यावर गेलेल्या मुलावर केलेला खर्च कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून गळती फुकटात होते असं वाटतं. ती फुकट नसते.

परतलेला यांचा प्रतिसाद मी नाव न सांगता आमच्या विभागप्रमुखांना वाचून दाखवणार आहे. चिठ्ठीसाठी सरांकडे आणि सामानासाठी सहायकांकडे, हा हेलपाटा आमच्याकडेही आहे. आजारपणात बुडलेली प्रॅक्टिकल्स भरून काढायला सत्रातला एक आठवडा राखून ठेवायचा, चिठ्ठी लागणार नाही, असा प्रस्ताव लिहायला घेतला आहे. दुसरी_पाळी यांच्या थकबाकीवरही लिहिणार आहे. गुणपत्रिका अडवून वसुली किती होते आणि विद्यार्थी किती जातात, हे दोन्ही आकडे एका कागदावर मांडले तर कुणीतरी बघेल.

खाते_नवीन

हे वाचण्यासाठीच खातं उघडलं. मी शेवटच्या वर्षात सोडलं, काही वर्षं झाली. विषय राहिलेत ते मोजकेच. परत जायचं म्हणजे कुणासमोर उभं राहायचं आणि काय बोलायचं, हेच कळत नाही. उशीर झाला असेल का?

परतलेला

मी गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसाने 'सोडलं का होतं' असं विचारलंच नाही. जुनी गुणपत्रिका मागितली. मी घरून पाठ करून गेलेलं सगळं स्पष्टीकरण तसंच राहिलं.

नोंदवही

खाते_नवीन, आधी एकच गोष्ट विचारा: तुमच्या अभ्यासक्रमाला पदवी पूर्ण करायची कमाल मुदत किती आहे आणि ती नोंदणीच्या वर्षापासून धरतात का. मुदत शिल्लक असेल तर राहिलेल्या विषयांचा परीक्षा अर्ज भरता येतो, वर्गात बसावंही लागत नाही. अभ्यासक्रम बदलला असेल तर जुन्या पेपरला समकक्ष नवा पेपर कोणता, त्याचा तक्ता परीक्षा विभागाकडे असतो. तो लेखी मागा, तोंडी उत्तरावर अवलंबून राहू नका. मुदत संपली असेल तरी मुदतवाढीचा अर्ज करता येतो का ते विचारा. अनेक विद्यापीठं अधूनमधून जुन्या विद्यार्थ्यांना खास संधी देतात आणि त्याची सूचना फक्त संकेतस्थळावर लागते. तिथे नाही म्हणाले तर मुक्त विद्यापीठात आधीचे विषय धरतात का ते बघा. काही बाकी असेल तर तिचा आकडा आधी काढून घ्या, मनात धरलेल्या रकमेपेक्षा तो बहुधा कमी निघतो. परीक्षा अर्ज संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, खिडकीवर गर्दी नसते आणि समोरच्याला तुमचं ऐकायला वेळ असतो.

खाते_नवीन

नोंदणी क्रमांक आठवत नाही. ओळखपत्रही हरवलंय. त्याशिवाय जाऊन उपयोग आहे का?

नोंदवही

आहे. पूर्ण नाव, शाखा आणि प्रवेशाचं वर्ष सांगा, क्रमांक आम्हाला रजिस्टरमधून काढता येतो. गुणपत्रिकेची झेरॉक्स असेल तर ती न्या, नसेल तरी जा.